पत्ता कोणी धरायचा, वाट कोणी शोधायची? झीरोएमक्यूमधील जोडणीचे मर्म

काही वर्षांपूर्वीची, एका हिवाळी सोमवारची गोष्ट. लंडनमधील ज्या वित्तसंस्थेत मी त्या वेळी नोकरीस होतो, तेथे रोख्यांच्या मूल्यांकनाचे हिशेब रात्रभर चालत आणि सकाळी सातपर्यंत त्यांची उत्तरे तयार असत. त्या सकाळी ४,८०० पैकी ४,००० उत्तरेच हजर होती. उरलेल्या ८०० हिशेबांचा कोठेही मागमूस नव्हता. लॉगमध्ये त्रुटीची एकही ओळ नव्हती, चालू यंत्रांपैकी एकही कोलमडले नव्हते, नेटवर्क सुरळीत होते. आमचा पुण्यातील तरुण सहकारी, ज्याची सकाळ आमच्या पहाटेच सुरू होई, फोनवर एवढेच म्हणाला, "सर, कामे पाठवणारा प्रोग्राम सगळे पाठवून झाल्यावरही बंद व्हायला तयार नव्हता. तासभर वाट पाहिली आणि शेवटी किल केला." सगळे उत्तर त्याच्या या वाक्यातच होते, ते ओळखायला मात्र मला दुपार झाली.

हे हिशेब सहा यंत्रांना वाटून देण्यासाठी आम्ही झीरोएमक्यू ही संदेशवहनाची लायब्ररी वापरत होतो. चूक ना गणितात होती ना संदेशांच्या मांडणीत. ती होती पत्त्यांत. अधिक नेमके सांगायचे तर, दोन टोकांपैकी कोणी पत्ता धरून बसायचे आणि कोणी तो शोधत यायचे, या निर्णयात. हा निर्णय सहसा प्रकल्पाच्या पहिल्याच आठवड्यात, एखाद्या उदाहरणावरून नक्कल करून घेतला जातो आणि पुढे वर्षानुवर्षे त्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या कार्यालयांत ही लायब्ररी कोठे ना कोठे चालू असते. ज्युपिटर नोटबुक वापरणाऱ्या प्रत्येकाच्या संगणकावर तर ती असतेच. म्हणून हा विषय थोडा सविस्तर मांडावा असे वाटले.

मध्यस्थाला फाटा

झीरोएमक्यूचा जन्म एका प्रकारच्या वैतागातून झाला. २००३ च्या सुमारास जेपी मॉर्गन चेस या बँकेत जॉन ओ'हारा यांनी एएमक्यूपी या खुल्या संदेशवहन-प्रमाणाची सुरुवात केली. त्या कामात आयमॅटिक्स ही छोटी कंपनी आणि तिचे प्रमुख पीटर हिंचेन्स सहभागी होते. एएमक्यूपीच्या रचनेत प्रत्येक संदेश मधल्या एका ब्रोकरकडे जातो आणि तेथून पुढे पोहोचतो. प्रमाण जसजसे अवजड होत गेले तसतसे हिंचेन्स त्यापासून दूर होत गेले. २००७ मध्ये मार्टिन सुस्ट्रिक यांच्या साथीने त्यांच्या कंपनीने एक वेगळीच वाट धरली: मध्ये ब्रोकर नकोच, दोन प्रोग्रामांनी थेट एकमेकांशी बोलावे. नावातील 'झीरो'चा एक अर्थ हाच, शून्य ब्रोकर. सुस्ट्रिक यांनी पुढे नॅनोमेसेज नावाची स्वतंत्र लायब्ररी लिहिली. हिंचेन्स यांचे २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये निधन झाले. लायब्ररी मात्र आजही नांदते आहे.

मध्यस्थ गेला की एक प्रश्न आपोआप उभा राहतो. ब्रोकर असताना सर्वांना एकच पत्ता ठाऊक असला की भागत असे. तो नसेल तर कोणाचा पत्ता कोणाला सांगायचा? झीरोएमक्यू या प्रश्नाचे उत्तर स्वतः देत नाही. ती दोन क्रियापदे आपल्या हाती ठेवते, बाइंड आणि कनेक्ट, आणि निवड आपल्यावर सोडते.

पत्त्याची मोडणी

या लायब्ररीतला पत्ता एका साध्या ओळीत मावतो. 'टीसीपी://१९२.१६८.१.१०:५५५५' असा. आधी वाहतुकीचा मार्ग, मग कोलन आणि दोन तिरप्या रेघा, मग त्या मार्गाला समजेल असे ठिकाण. टीसीपी हा दोन यंत्रांमधील मार्ग. आयपीसी हा एकाच यंत्रावरील दोन प्रोग्रामांमधील. इनप्रॉक हा एकाच प्रोग्रामच्या आतील दोन थ्रेडांमधील. मल्टिकास्टसाठी पीजीएम आहे, पण तो माझ्या पाहण्यात फार थोड्यांनी वापरला.

ओळ एकसारखी दिसत असली तरी बाइंड करणाऱ्याच्या आणि कनेक्ट करणाऱ्याच्या हाती तिचा अर्थ बदलतो, आणि नवशिक्याची पहिली ठेच येथेच लागते. बाइंड करताना आपण सांगत असतो, 'माझ्या यंत्राच्या या दारावर मी बसतो.' दार म्हणजे नेटवर्कचा इंटरफेस: त्याचे नाव चालते, त्याचा आयपी क्रमांक चालतो, किंवा 'सगळीच दारे' या अर्थी तारांकन चालते. यंत्राचे डीएनएस-नाव मात्र चालत नाही. म्हणूनच 'टीसीपी://लोकलहोस्ट:५५५५' वर बाइंड करू पाहणाऱ्यास 'असे उपकरण नाही' अशी चमत्कारिक त्रुटी मिळते. तो बिचारा उपकरण शोधू लागतो. खरी गोष्ट एवढीच की लायब्ररी 'लोकलहोस्ट' या शब्दाकडे नेटवर्क कार्डाचे नाव म्हणून पाहते आणि त्या नावाचे कार्ड तिला सापडत नाही. तेथे १२७.०.०.१ लिहिले की काम होते.

कनेक्ट करताना उलट. तेथे समोरच्याचे ठिकाण सांगायचे असते, म्हणून डीएनएस-नाव चालते. पण तारांकन चालत नाही, कारण 'कोणत्याही घरी पोहोचव' असे टपालवाल्याला सांगता येत नाही. पोर्टच्या जागी तारांकन किंवा शून्य लिहून 'मोकळा असेल तो पोर्ट घे' असे म्हणण्याची मुभाही बाइंड करणाऱ्यालाच आहे. मिळालेला पोर्ट मग 'लास्ट एंडपॉइंट' या पर्यायातून विचारून घ्यावा लागतो आणि इतरांना कसा कळवायचा हे आपले आपण पाहावे लागते.

या दोन क्रियांच्या स्वभावात आणखी एक फरक आहे. बाइंड ही रोखठोक क्रिया आहे. पोर्ट दुसऱ्याने घेतलेला असेल तर ती तेथल्या तेथे नकार देते. कनेक्ट मात्र कमालीची मवाळ. समोरचे यंत्र बंद असो, पोर्टवर कोणी नसो, एवढेच काय, यंत्राच्या नावाचे स्पेलिंग चुकलेले असो, कनेक्ट 'यशस्वी' असेच उत्तर देते. तिने केवळ ओळीची ठेवण तपासलेली असते. नावाचा शोध आणि प्रत्यक्ष जोडणी ही कामे मागच्या बाजूला एक वेगळा थ्रेड सवडीने करतो, आणि जमले नाही तर साधारण दर १०० मिलिसेकंदांनी पुन्हा प्रयत्न करत राहतो. कधीही न थकता, आणि आपणहून एक अवाक्षरही न काढता.

हा मवाळपणा दोष नव्हे. नेहमीच्या टीसीपी सॉकेटवर ज्यांनी काम केले आहे त्यांना ठाऊक आहे की आधी सर्व्हर सुरू झाला पाहिजे, मग क्लायंट. क्रम चुकला की जोडणी नाकारली जाते आणि पुन्हा प्रयत्न करण्याचे सगळे कोड आपणच लिहायचे. झीरोएमक्यूने ती कटकट संपवली. कोणीही आधी यावे, कोणीही मध्येच बंद पडून पुन्हा उठावे, जोडणी आपोआप सांधली जाते. पण ज्या सोयीमुळे आपण निर्धास्त होतो, तिच्यामुळेच आपण आंधळेही होतो.

आठशे हिशेब गेले कोठे?

बाइंड आणि कनेक्ट या दोन्हींमधून शेवटी एकच जोडणी उभी राहते, तेव्हा कोणी काय केले याला महत्त्व कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. संदेशांची दिशाही त्यावर अवलंबून नसते. पाठवणारा बाइंड करू शकतो, घेणाराही करू शकतो. वार्ता प्रसारित करणारा पब-सॉकेट श्रोत्यांकडे कनेक्ट होऊन जाऊ शकतो. एकच सॉकेट काही पत्त्यांवर बाइंड आणि काहींना कनेक्ट, असे दोन्ही एकाच वेळी करू शकतो. तरीही ही दोन टोके सारखी नाहीत. फरक आहे तो रांगेच्या जन्मवेळेत.

झीरोएमक्यूच्या सॉकेटमध्ये प्रत्येक जोडीदारासाठी संदेशांची स्वतंत्र रांग असते. बाइंड केलेल्या सॉकेटला समोरून कोण येणार हे माहीत नसते. म्हणून कोणी प्रत्यक्ष येऊन जोडले गेल्यावरच त्याच्यासाठी रांग तयार होते. तोवर सॉकेट मूक असतो: पुश प्रकारचा असेल तर पाठवणारा थांबून राहतो, पब प्रकारचा असेल तर संदेश टाकून दिला जातो. कनेक्ट करणाऱ्या सॉकेटला मात्र समोरच्याचा पत्ता आधीच ठाऊक असतो. म्हणून, रूटर प्रकाराचा अपवाद वगळता, कनेक्ट म्हणताक्षणी रांग तयार होते आणि संदेश तिच्यात शिरू लागतात. समोर माणूस असो वा नसो, त्याच्या नावाची पेटी उघडलेली असते.

आता आमचा प्रकार पाहा. कामे वाटणारा मुख्य प्रोग्राम पुश-सॉकेट वापरत होता आणि तो सहा यंत्रांना कनेक्ट होत होता. यंत्रे आपापल्या पत्त्यांवर बाइंड करून बसलेली असत. शुक्रवारी कोणीतरी सहाव्या यंत्राचा पत्ता यादीत घातला. यंत्र प्रत्यक्षात सुरू व्हायचे होते. पुश-सॉकेट आपल्या रांगांमध्ये पत्ते पिसल्यासारखे पाळीपाळीने संदेश वाटतो. सहा रांगा, ४,८०० कामे, प्रत्येकी ८००. एका रांगेची मर्यादा, ज्याला हाय वॉटर मार्क म्हणतात, ती मुळात १,००० संदेशांची असते. सहावी रांग भरलीच नाही. भरली असती तर लायब्ररीने तिला वगळून उरलेली कामे इतर पाचांना दिली असती आणि कदाचित आम्हाला संशयही आला असता. ८०० कामे एका न जन्मलेल्या यंत्राच्या दाराशी मुकाट उभी राहिली.

आणि प्रोग्राम का बंद होत नव्हता? 'लिंगर' नावाचा एक पर्याय आहे: सॉकेट बंद केल्यावर न पोहोचलेल्या संदेशांसाठी किती वेळ थांबायचे. मूळ लायब्ररीत त्याचे पूर्वनिश्चित मूल्य उणे एक, म्हणजे अनंतकाळ. आमचा प्रोग्राम अडकलेला नव्हता, तो दिलेला शब्द पाळत होता. त्या ८०० संदेशांसाठी तो दर १०० मिलिसेकंदांनी सहाव्या यंत्राचे दार ठोठावत होता. सोमवारी सकाळी कोणी ते यंत्र सुरू केले असते तर सगळी कामे मार्गी लागली असती. आम्ही त्याला किल केले आणि स्मृतीतील रांग त्याच्याबरोबर गेली. पुण्याच्या त्या मुलाला दोष देण्यासारखे काही नव्हते. बंद न होणारा प्रोग्राम दिसल्यावर मीही तेच केले असते.

विनंती-उत्तराच्या रेक-सॉकेटवर हाच घोळ अधिक लवकर दिसतो. त्याला दोन सर्व्हरांचे पत्ते दिले आणि त्यांतील एक बंद असला, की एक ना एक विनंती बंद सर्व्हरच्या पेटीत पडते. उत्तर आल्याशिवाय रेक-सॉकेट पुढची विनंती पाठवू देत नाही. म्हणजे दुसरा सर्व्हर ठणठणीत असूनही सगळे ठप्प.

यावर 'इमिजिएट' नावाचा पर्याय आहे. तो चालू केला की जोडणी प्रत्यक्ष पूर्ण झालेल्या जोडीदारांनाच संदेश दिले जातात. आम्ही प्रथम तोच चालू केला. पण तो मलम होता. मूळ प्रश्न हा होता की सहा येणाऱ्या-जाणाऱ्या यंत्रांना आम्ही कायमचे पत्ते का दिले होते?

घर कोणाचे, पाहुणा कोण

हिंचेन्स यांच्या मार्गदर्शिकेत सल्ला आहे की सर्वसाधारणपणे सर्व्हरने बाइंड करावे आणि क्लायंटने कनेक्ट. पण अनेक रचनांत सर्व्हर कोण आणि क्लायंट कोण हेच संदिग्ध असते. मी तो नियम असा लावतो: ज्या टोकाचे आयुष्य लांब आणि ज्याचा पत्ता स्थिर, त्याने बाइंड करावे, ज्याची संख्या वाढते-घटते, जे आज आहे आणि उद्या नसेल, त्याने कनेक्ट करावे. संदेश कोण पाठवतो याचा या निवडीशी काही संबंध नाही. नव्या देशात पहिल्या वर्षी चार घरे बदललेल्या कोणालाही हे वेगळे समजावून द्यायला नको. गावाकडच्या मंडळींना आपला पत्ता दर वेळी कळवत बसण्यापेक्षा गावाचा पत्ता पाठ असलेल्या आपणच फोन लावणे सोपे असते.

या नियमाचे चांगले उदाहरण म्हणजे सॉल्ट ही सर्व्हर-व्यवस्थापनाची प्रणाली, जी मुळात झीरोएमक्यूवर उभी आहे. तिच्यात एक 'मास्टर' शेकडो यंत्रांना, म्हणजे 'मिनियन'ना, आज्ञा देतो. आज्ञा मास्टरकडून निघतात, म्हणून त्याने मिनियनांकडे कनेक्ट व्हावे असे वरवर वाटेल. प्रत्यक्षात मास्टर ४५०५ आणि ४५०६ या पोर्टांवर बाइंड करतो आणि मिनियन त्याच्याकडे कनेक्ट होतात. ४५०५ वरून आज्ञा प्रसारित होतात, ४५०६ वर उत्तरे येतात. यामुळे शेकडो यंत्रांवर एकही पोर्ट उघडावा लागत नाही. बहुतेक कार्यालयांच्या फायरवॉल बाहेर जाणाऱ्या जोडण्यांना मुभा देतात, आत येणाऱ्यांना अडवतात. त्यामुळे जो फायरवॉलच्या आड आहे त्याने बाहेर कनेक्ट व्हावे, ही सोय रचनेत आपोआप साधते.

मात्र याच उदाहरणाला दुसरी बाजू आहे. बाइंड करणारा म्हणजे दार उघडून बसणारा, आणि सॉल्टचा मास्टर पूर्वनिश्चित मांडणीत यंत्राच्या सर्व इंटरफेसवर बाइंड करतो. २०२० च्या एप्रिलअखेर एफ-सिक्युअर या सुरक्षा-कंपनीने सॉल्टमधील दोन गंभीर त्रुटी जाहीर केल्या. त्यांतील एकीमुळे, सीव्हीई-२०२०-११६५१, ४५०६ पोर्टपर्यंत पोहोचणारा कोणीही ओळख न पटवता आज्ञा देऊ शकत होता. त्या वेळी सहा हजारांहून अधिक मास्टर थेट इंटरनेटवर उघडे असल्याचे त्यांना आढळले होते. काही दिवसांतच, मेच्या पहिल्या आठवड्यात, लिनेजओएस आणि घोस्ट यांच्या सर्व्हरांवर याच वाटेने हल्ले झाले. त्रुटी सॉल्टच्या स्वतःच्या कोडमधली होती, झीरोएमक्यूमधली नव्हती. पण मास्टर केवळ आतल्या नेटवर्कच्या इंटरफेसवर बाइंड केलेला असता, तर बाहेरच्या हल्लेखोराला त्या दारापर्यंत येताच आले नसते.

म्हणून त्या तारांकनाविषयी मी थोडा कठोर आहे. शिकवणीच्या प्रत्येक उदाहरणात 'टीसीपी://*:५५५५' असते, कारण ते कोठेही चालते. 'कोठेही चालते' हेच त्याचे दूषण. प्रत्यक्ष कामात इंटरफेसचा नेमका क्रमांक लिहावा. डॉकरच्या कंटेनरमध्ये मात्र १२७.०.०.१ वर बाइंड केले तर बाहेरून कोणीच पोहोचू शकत नाही. तेथे तारांकन वापरावे लागते आणि दाराची राखण कंटेनरच्या बाहेर, पोर्ट उघडताना करावी लागते.

ही काळजी घेण्याचे आणखी एक कारण आहे. आपणहून काही मागितले नाही तर झीरोएमक्यू येणाऱ्याची ओळख विचारत नाही आणि संदेश सांकेतिकही करत नाही. बिटकॉइन कोअर नव्या ब्लॉकची वार्ता याच लायब्ररीतून प्रसारित करू शकतो. तेथेही ओळख-तपासणीची सोय नाही, म्हणून तो पोर्ट विश्वासातल्या नेटवर्कपुरता ठेवणे वापरणाऱ्याकडे येते. पायथनमध्ये तर धोका दुप्पट होतो. पायझेडएमक्यूमध्ये पूर्ण ऑब्जेक्ट पाठवण्या-घेण्याची एक सोयीची जोडी आहे आणि ती आतून 'पिकल' वापरते. परक्याने पाठवलेले पिकल उघडणे म्हणजे त्याचे कोड आपल्या यंत्रावर चालू देणे. मेटाच्या लामा-स्टॅकमध्ये नेमके हेच घडले होते. सीव्हीई-२०२४-५००५० या क्रमांकाने ती त्रुटी नोंदली गेली आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पिकल काढून जेसन आणून ती दुरुस्त झाली.

ओळख विचारण्याची सोय ४.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून, आहे. तिचे नाव कर्व्ह. तिच्यात सर्व्हर कोण हे वेगळ्या पर्यायाने ठरते, बाइंड-कनेक्टवरून नव्हे. म्हणजे कनेक्ट करणारे टोकही सुरक्षेच्या दृष्टीने 'सर्व्हर' असू शकते. एक खाच ध्यानात ठेवावी: सर्व्हरची सार्वजनिक किल्ली ज्याला ठाऊक आहे अशा कोणालाही ती आत घेते. कोणाला घ्यायचे आणि कोणाला नाही याची यादी हवी असेल तर झॅप नावाचा तपासनीस स्वतंत्रपणे बसवावा लागतो.

एकाच छपराखाली

टीसीपीव्यतिरिक्तचे दोन मार्ग साधे वाटतात, पण त्यांच्या पत्त्यांनाही स्वभाव आहेत. इनप्रॉकचे नाव हे एका 'कॉन्टेक्स्ट'पुरतेच खरे असते. एकाच प्रोग्रामात दोन कॉन्टेक्स्ट तयार केले आणि दोन्हीकडे तेच नाव लिहिले, तरी ती दोन गावांतील एकाच नावाची दोन घरे. भेट होत नाही. ४.० च्या आधी इनप्रॉकमध्ये बाइंड आधी आणि कनेक्ट नंतर असा क्रम सक्तीचा होता. जुन्या कोडमध्ये उगाच घातलेले 'थोडे थांबा' दिसतात ते बहुधा त्या काळाचे अवशेष.

आयपीसीचा पत्ता म्हणजे फाइलचा मार्ग. लिनक्सवर तो १०८ बाइटांत बसावा लागतो, हे खोल फोल्डरांत काम करणाऱ्यांना भलत्याच वेळी कळते. त्याहून घातक असे: टीसीपीवर घेतलेल्या पोर्टवर दुसऱ्याने बाइंड केले तर नकार मिळतो, पण आयपीसीवर दुसरा प्रोग्राम त्याच पत्त्यावर बिनदिक्कत बाइंड होतो आणि पहिल्याचा ताबा सुटतो. कोणालाही त्रुटी मिळत नाही. चुकून एकाच सेवेच्या दोन प्रती सुरू झाल्या की पहिली प्रत जिवंत असूनही नव्या पाहुण्यांसाठी अदृश्य होते.

ज्युपिटरमध्ये हे सारे एकत्र पाहता येते. नोटबुकामागे चालणारा कर्नल पाच सॉकेटांवर बाइंड करतो: कोड स्वीकारण्यासाठी, नियंत्रणासाठी, वापरकर्त्याकडून मजकूर मागण्यासाठी, निकाल प्रसारित करण्यासाठी आणि 'मी जिवंत आहे' हे कळवण्यासाठी. पाचही पोर्ट, आयपी क्रमांक आणि एक गुप्त किल्ली एका छोट्या जेसन-फाइलमध्ये लिहिलेली असते. ती फाइल म्हणजेच पत्त्याची चिठ्ठी. किल्ली कशासाठी, तर अनेकजण वापरत असलेल्या सर्व्हरवर १२७.०.०.१ हा काही खासगी पत्ता नव्हे. त्या यंत्रावरचा कोणीही वापरकर्ता तेथे कनेक्ट होऊ शकतो. किल्लीने सही केलेली नसेल तर कर्नल आज्ञा मानत नाही. पण सही म्हणजे पडदा नव्हे. निकाल प्रसारित करणाऱ्या पब-सॉकेटला शेजारच्या वापरकर्त्याने कान लावला तर त्याला ते ऐकू येतात. सामायिक यंत्रावर आयपीसी मार्ग निवडून फाइलच्या परवानग्यांवर भिस्त ठेवणे हे म्हणूनच अधिक शहाणपणाचे.

शांततेचे दोन अर्थ

जोडणी झाली म्हणजे संदेश पोहोचतील, असेही नाही. पब-सॉकेट बाइंड करून लगेच बोलू लागला तर, कनेक्ट होत असलेल्या श्रोत्यांचे पहिले काही संदेश हुकतात, कारण जोडणी, हस्तांदोलन आणि वर्गणीची नोंद यांना काही मिलिसेकंद लागतात आणि पब कोणासाठी थांबत नाही. जे गेले ते गेले. पहिला संदेश महत्त्वाचा असेल तर श्रोत्याने 'मी आलो' असे वेगळ्या सॉकेटवरून कळवावे आणि मग बोलणे सुरू व्हावे.

उलट प्रकार अधिक फसवा. दोन कार्यालयांमधील एखादी फायरवॉल बराच वेळ शांत असलेली जोडणी विसरून जाते, दोन्ही टोकांना न कळवता. ऐकणारा सब-सॉकेट स्वतः काही पाठवत नाही, त्यामुळे जोडणी तुटल्याचे त्याला समजण्याची वाटच नसते. तो ऐकतच राहतो. बाजार शांत आहे की तार तुटली आहे, हे त्याच्या दृष्टीने एकच. ४.२ पासून लायब्ररीत हृदयस्पंदनाचा, म्हणजे हार्टबीटचा, पर्याय आहे. तो मुळात बंद असतो आणि आपल्याला चालू करावा लागतो. लंडन-पुणे अशा लांबच्या जोडण्यांवर तो बंद ठेवण्याचे एकही सबळ कारण मला अद्याप सापडलेले नाही.

आणि त्या मवाळ कनेक्टचे काय? तिला बोलते करण्याची सोय आहे. सॉकेट मॉनिटर लावला की जोडणी झाली, लांबली, पुन्हा प्रयत्न सुरू झाला, तुटली, हस्तांदोलन पूर्ण झाले, या साऱ्या घटना एका इनप्रॉक पत्त्यावर येऊ लागतात. त्या लॉगमध्ये लिहायला वीस-पंचवीस ओळी पुरतात. त्या रात्री त्या ओळी असत्या, तर सहाव्या यंत्राच्या दारावरची प्रत्येक थाप लॉगमध्ये दिसली असती.

त्या आठवड्यात आम्ही दिशा उलटवली. मुख्य प्रोग्राम आता आतल्या नेटवर्कच्या एकाच इंटरफेसवर बाइंड करतो आणि यंत्रे त्याच्याकडे कनेक्ट होतात. जे यंत्र आलेले नाही त्याची रांगच नाही, त्यामुळे त्याच्या नावावर काही अडकत नाही. नवा त्रास लगेच समोर आला: जे यंत्र सर्वांत आधी जोडले जाई ते इतर येण्यापूर्वीच शेकडो कामे ओढून घेई. मग ठरावीक यंत्रे आल्याखेरीज वाटप सुरू करायचे नाही असे ठरवले आणि प्रत्येक कामाची पोच परत मागायला लागलो, कारण काम हाती घेतल्यावर यंत्र कोसळले तर त्याची खबर पुश-पुल जोडी देत नाही. लिंगर पाच मिनिटांवर आणला. तेवढ्या वेळात जे पोहोचणार नाही, त्याची पोच आलेली नसल्यामुळे ते दुसऱ्या दिवशीच्या यादीत पुन्हा चढते.

पत्त्यांच्या यादीत सहा ओळी होत्या, तेथे एक उरली. सहावे यंत्र त्यानंतरच्या बुधवारी सुरू झाले. त्यासाठी कोणाला काही कळवावे लागले नाही.